घाटावर तीन दिवस, घाटाखाली दोन

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात दोन जिल्हे आहेत, हे बाहेरच्या माणसाला नकाशा पाहून कळत नाही. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच, तर मलकापूर अडीचशेच्या आसपास. मे महिन्यात राजूरच्या घाटातून एस. टी. खाली उतरू लागली, की तिसऱ्या-चौथ्या वळणावर खिडकीतून येणारा वारा बदलतो. कोणीतरी भट्टीचे दार उघडावे तसे वाटते. सोयरिकी जमवताना मुलीकडचे लोक 'स्थळ घाटावरचे की घाटाखालचे' हे विचारत, ते काही उगाच नव्हे.

१९८६ साली माझी बदली मलकापूरला झाली. लग्नाला वर्षही झाले नव्हते. सौ. चिखलीची, म्हणजे घाटावरची. उन्हाळा लागताच तिने माहेरच्या रिवाजाप्रमाणे कुरडयांसाठी गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा, असे तिचे गणित. तिसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यावरचे झाकण काढले, तर सगळ्या खोलीत असा वास सुटला की घरमालकीणबाई चौकशीला आल्या. चार किलो गहू म्हशीपुढे गेले. नवी नवरी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात आई आली. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काऊन व, इथं तीन दिस ठेवते काय? घाटावर तीन दिस, घाटाखाली दोन. आन् तेही असं उघड्या हवेत नाही." मग तिने पुन्हा गहू भिजवले. पातेले पाण्याने भरलेल्या परातीत ठेवले. त्याला एक जुने धोतर गुंडाळले, त्याची टोके परातीतल्या पाण्यात सोडली आणि ते सारे न्हाणीघराच्या मोरीजवळ, वारा येईल अशा जागी ठेवले. धोतर आपोआप पाणी वर ओढत राहिले. पातेल्याला हात लावला तर बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना ते थंडगार! पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती पातेल्यातून घेतली जाते, माठातले पाणी ह्याच न्यायाने थंड होते, हे मी शाळेत शिकलो होतो. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. पण पातेल्याला धोतर नेसवायचे मला सुचले नसते.

ही कुरडयांची गोष्ट मी आज सांगतो आहे, ती मँचेस्टरमधल्या एका बादलीमुळे.

आमचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. २०१९ साली एका रविवारी फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, मी घरी बिअर करायला शिकलोय." मी म्हणालो, "आपल्या घरात दारू गाळायची नाही." तो हसला. "गाळत नाही बाबा, आंबवतो." मी फोन ठेवून दिला.

यामागे एक जुना हिशेब होता. माझे धाकटे काका १९७१ साली गेले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माणूस देखणा, आवाज गोड, गावच्या भजनात त्यांच्याशिवाय पान हलत नसे. हातभट्टीने त्यांना चार वर्षांत संपवले. आधी बैलजोडी गेली, मग चार एकर गेले, मग ते गेले. तेराव्याच्या दिवशी आजीने वडिलांना आणि आम्हा सगळ्या पोरांना देवघरासमोर बसवून शपथ घातली. ती मी पाळली. पुढे बँकेत कर्जाची प्रकरणे हाताळताना काकांसारखी माणसे मला टेबलापलीकडे दिसत राहिली. सकाळी दहा वाजता अंगठा उठवताना ज्याचा हात थरथरतो, त्याच्या विहिरीच्या कर्जाचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आमच्याकडच्या कितीतरी गावांत बायकांनी दुकाने बंद करण्यासाठी मोर्चे काढले, ते मी शाखेच्या खिडकीतून पाहिले आहेत आणि मनातून त्यांच्याबरोबर चाललो आहे. त्यामुळे 'आंबवतो' आणि 'गाळतो' यातला फरक ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पुढची तीन वर्षे आमचे फोनवरचे बोलणे हवापाण्यापुरते उरले. "पाऊस आहे का?" "आहे. तुमच्याकडे?" "नाही." मग मी फोन सौ.कडे द्यायचा. मायलेक अर्धा अर्धा तास बोलत. मधल्या काळात करोना आला, मी निवृत्त झालो, आणि २०२२ च्या जुलैमध्ये आम्ही दोघे मँचेस्टरला पोचलो.

गंमत पाहा, बुलडाण्याचा उन्हाळा चुकवावा म्हणून सौ.ने तीन स्वेटर घेतले होते. आणि १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पाऱ्याने इतिहासात प्रथमच चाळिशी ओलांडली. लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश नोंदले गेले. मँचेस्टरनेही पस्तिशी ओलांडली. त्यांची घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली. छताला पंखे नाहीत, खिडक्या वीतभर उघडणार. टीव्हीवर माणसे अशी घाबरलेली, की सौ. म्हणाली, "यांना एकदा मे महिन्यात शेगावला नेलं पाहिजे."

नेमके त्याच शनिवारी, म्हणजे १६ तारखेला, चिरंजीवांनी बिअरचा घाणा काढला होता. उन्हाचा इशारा आदल्याच दिवशी आला होता, पण साहेबांनी सामान आणून ठेवले होते. मी वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलो, म्हणजे रुसून बसलो. वास मात्र जिना चढून वर आला. मोड आणून वाळवलेली, भाजलेली बार्ली गरम पाण्यात तासभर भिजत होती. तो वास थेट आमच्या आईच्या सातूच्या पिठाचा. मी दोनदा पाणी पिण्याच्या निमित्ताने खाली आलो.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. कारण मी ज्याला तीन वर्षे शिव्या घातल्या, ती गोष्ट काय असते हे मला त्या आठवड्यात कळले. बार्लीला मोड आले की तिच्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्ये तयार होतात. ती सुमारे पासष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली की गोड रस निघतो. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळायचा, निववायचा आणि मग त्यात यीस्ट घालायचे. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि वायू सोडते. बिअर इथेच थांबते, त्यात चार-पाच टक्के अल्कोहोल असते. दारू गाळणे ही त्यापुढची पायरी, आणि हातभट्टीत माणसे पटापटा मरतात ती बहुतेक वेळा कोणी त्यात कारखान्यातले मिथेनॉल मिसळते म्हणून. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे गेली, ती अशा मिथेनॉलने. माझ्या काकांना कशाने नेले ते तपासायला तेव्हा गावात डॉक्टरही नव्हता.

तर, मुलाने वीस लिटर रस निववून प्लॅस्टिकच्या बादलीत भरला, यीस्टची पुडी टाकली, झाकण लावले आणि बादली जिन्याखालच्या कपाटात ठेवली. घरातली सर्वांत थंड जागा ती. बादलीवर तापमान दाखवणारी एक पट्टी चिकटवलेली. रविवारी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येऊ लागले. सोमवारी संध्याकाळी कपाटातली हवा सत्तावीस अंशांवर आणि पट्टी तिसावर! मुलगा ऑफिसातून आला आणि जमिनीवर बसून डोके धरले. "गेला हा घाणा," म्हणाला.

सौ.ने विचारले, "बाहेर सत्तावीस, मग आत तीस कसं?"

तेव्हा त्याने सांगितले, की यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडते. बादलीच्या पोटात खोलीपेक्षा दोन ते पाच अंश जास्तच असतात. एल नावाची ही जी इंग्रजी बिअर, तिच्या यीस्टला अठरा ते वीस अंश मानवतात. पंचविशीच्या पुढे ते माजते. नको ती द्रव्ये सोडते. त्यातल्या एकाचा वास पिकलेल्या केळ्यांचा, खानदेशातल्या जळगावच्या केळ्यांच्या ट्रकमागून जाताना येतो तसा. ते एक वेळ चालते. पण दुसऱ्या काही द्रव्यांचा वास रंगाच्या थिनरसारखा, घसा जाळणारा. आणि हे सारे बिघडते ते पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्ट वाढत असताना. नंतर थंड करून उपयोग नाही.

सौ.ने बादलीला हात लावला. पोराच्या कपाळाला लावावा तसा. "ताप आहे याला," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अहो, मलकापूर आठवतं?"

पुढची दहा मिनिटे मी विसरणार नाही. तिने बाथरूममधून धुण्याचा मोठा टब आणला, त्यात वीतभर पाणी भरले, बादली त्यात बसवली. मुलाचा एक जुना सुती सदरा बादलीला नेसवला आणि त्याची टोके पाण्यात सोडली. टब उघड्या मागच्या दारापाशी ठेवून समोर टेबलफॅन लावला. त्या दोन दिवसांची तिथली हवा चांगलीच कोरडी होती, त्यामुळे ओले कापड भराभर सुकत होते आणि पाणी वर ओढत होते. मुलगा तोंड उघडे टाकून पाहत राहिला. हीच युक्ती इंग्रजी पुस्तकांत आहे म्हणे, त्याने ती वाचलीही होती, पण इंग्लंडात तिची कधी गरज पडेल असे त्याला वाटले नव्हते. त्याने बाटल्यांत पाणी भरून ते गोठवायला ठेवले. दर चार तासांनी एक बर्फाची बाटली टबात सोडायची असे ठरले. पण दिवसा तो ऑफिसात, सूनबाईंची हॉस्पिटलात ड्यूटी. सौ. म्हणाली, "हे आहेत की घरी."

माझ्यातला बँकवाला जागा झाला. नोंद नाही तर व्यवहार नाही! मी एका वहीवर रकाने आखले: तारीख, वेळ, बाहेरचे तापमान, पट्टीवरचे तापमान, बाटली टाकली किंवा काढली, सही. शेवटी 'शेरा'. सोमवारी रात्री नऊला तीस, साडेदहाला सत्तावीस, बाराला पंचवीस. मंगळवारी पहाटे पाचला बावीस. बाहेर चाळिशीच्या बातम्या चालू असताना दुपारी दोनला माझी बादली एकवीसवर होती. मुलगा ऑफिसातून दर तासाला फोन करी. तीन वर्षांत मिळून आम्ही जितके बोललो नव्हतो तितके त्या मंगळवारी बोललो, आणि सगळे बादलीबद्दल.

त्या रात्री त्याने मला जूल या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. उष्णता आणि काम यांचे नाते मोजणारा, ज्याच्या नावाचे एकक आपण शाळेत शिकतो तो जेम्स जूल, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमधल्या बिअर करणाऱ्या घराण्यातला. अंशाचे बारीक भाग मोजण्याचा त्याचा ध्यास लोकांना अविश्वसनीय वाटे. पण थर्मामीटर हे त्या धंद्यातले रोजचेच हत्यार होते. त्याआधी तर ऋतूच सारे ठरवीत. बव्हेरियात १५५३ साली राजाज्ञाच निघाली होती, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही, कारण उन्हाळ्यात ती हमखास बिघडे. आणि कार्ल फॉन लिंडे याने १८७० च्या दशकात थंडी निर्माण करणारे यंत्र बनवले, ते म्युनिकच्या एका ब्रुअरीच्या मदतीने. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज त्याच घराण्यातला. आपल्याकडे इंग्रजांनी कसौलीला आणि मरीला डोंगरावर जाऊन ब्रुअऱ्या काढल्या, त्या काय देखावा पाहायला? मी म्हणालो, "म्हणजे घाटावर." तो म्हणाला, "घाटावरच!"

आता माझी चूक सांगतो. मंगळवारी रात्री वहीतला आकडा एकवीसवरून विसावर आलेला पाहून मला हुरूप चढला. अठरा आणून दाखवू म्हणून मी झोपण्यापूर्वी चार बाटल्या एकदम टाकल्या. रात्री उन्हाची लाट ओसरली, वारा सुटला. पहाटे उठून पाहतो तर पट्टी पंधरावर आणि नळीतले बुडबुडे बंद. मी घाबरून मुलाला उठवले. एकदम थंडी लागली की यीस्ट झोपते, तळाशी बसते, आणि काम अर्धवट राहते. अर्धवट आंबलेली बिअर गोडसर लागतेच, शिवाय ती तशीच बाटलीत भरली तर आत वायू साचून बाटली फुटू शकते. माझा चेहरा पडला. मुलगा मात्र चिडला नाही. बादली टबातून काढली, आईची शाल मागून तिला गुंडाळली आणि झाकण न काढता हलकेच हिंदकळली. "तीन दिवस सांभाळलं की झालं होतं, बाबा. आता थोडं गरम झालेलं उलट चांगलं." शेवटी यीस्टला थोडी ऊब दिली, की लोण्यासारखा वास देणारे एक द्रव्य ते स्वतःच परत खाऊन टाकते, असे त्याने समजावले. दुपारी दीडला पहिला बुडबुडा आला. मी वहीत शेरा लिहिला: 'अधिकाऱ्याच्या हलगर्जीमुळे काम सात तास स्थगित.' खाली मुलाने सही केली.

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघे मागच्या अंगणात बसलो होतो. मी त्याला काकांची सगळी हकीकत सांगितली, जी मी त्याला कधीच सांगितली नव्हती. त्याला फक्त शपथ माहीत होती, काका माहीत नव्हते. ते भजन कसे म्हणत, बैल विकले त्या दिवशी रिकाम्या गोठ्यात कसे बसून राहिले, हे त्याला पहिल्यांदाच कळले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, मी महिन्यातून एकदा घाणा काढतो, त्यातल्या निम्म्या बाटल्या वाटतो. मोजून पितो. पण तुम्ही म्हणाल तर बंद करतो." मी 'कर' म्हणालो नाही. 'करू नकोस' असेही म्हणालो नाही. मी विचारले, "मोजतोस म्हणजे, लिहून ठेवतोस का?" तो म्हणाला, नाही. "लिहून ठेव," मी म्हणालो.

वाचकांपैकी कोणी बादली शोधायला निघण्यापूर्वी एक सांगतो. ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना असे काही करणे हा गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूच बंद. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यावर आमच्या विदर्भात अजून वाद चालतो. त्या वादात मी कुठे उभा आहे हे मला पूर्वी एका वाक्यात सांगता येत असे. आता दोन-तीन वाक्ये लागतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

आम्ही परतलो तेव्हा बाटल्या तयार व्हायच्या होत्या. ऑगस्टच्या अखेरीस त्याने व्हिडिओ कॉल करून पहिली बाटली उघडली. सौ.ने विचारले, "वास कसा आहे?" त्याने दोनदा हुंगले. "थोडा केळ्याचा." थिनरचा नव्हता. सोमवारच्या तीस अंशांनी तेवढी खूण ठेवली होती. मी वहीत ते लिहून घेतले. ती वही मी बरोबर घेऊन आलो होतो.

पुढच्या वर्षी त्याला नवेच यीस्ट मिळाले, नॉर्वेतले. तिथल्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी ते पिढ्यान् पिढ्या घरात जपले, लाकडाच्या कड्यांवर वाळवून ठेवले, शेजाऱ्याचे बिघडले तर त्याला दिले. आपल्या बायका विरजण देतात तसेच. आणि हे यीस्ट पस्तीस-चाळीस अंशांतही बिघडत नाही, उलट तिथेच खुलते. इतक्या थंड देशात असे यीस्ट! मुलाने फोनवर सांगितले, "बाबा, हे यीस्ट घाटाखालचं आहे." सौ. मागून म्हणाली, "मग त्याला टब लागायचा नाही. मला विचारू नको."

२०२४ च्या मे महिन्यात तो पंधरा दिवस बुलडाण्याला आला. बिअरचा विषय कोणी काढला नाही. सौ.ने कुरडयांसाठी गहू भिजवले होते. त्याने बॅगेतून बादलीवरची ती तापमानाची पट्टी काढली आणि पातेल्याला चिकटवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एकोणतीस दाखवत होती. तो ओला पंचा आणायला उठला. सौ.ने पातेल्याला हात लावून पाहिला, दोन गहू बोटांत दाबले, वास घेतला.

"नको," म्हणाली. "उन्हाळा वाढलाय आता घाटावरही. उद्याच वाटू."